भिंतीकडे तोंड केलेला बोर्ड

सुरत,
३ सप्टेंबर २०२५

चि. श्रेणिक यास,
अ. आ. वि. वि.

तुझं क्षमापनेचं कार्ड मिळालं. सोनेरी अक्षरांत 'मिच्छामि दुक्कडम्', खाली तुझी सही. कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफी असावी म्हणे. माझं मन तू कधी दुखावलंस रे? लहानपणी माझ्या वाटणीच्या कैऱ्या खायचास तेवढंच, आणि ते मी केव्हाच माफ केलंय. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. आईने मला सगळं सांगितलंय.

पर्युषणात साध्वीजी गोचरीची भिक्षा घ्यायला घरी येतात. घराशेजारच्या आपल्या गोदामावर 'आत विषारी वायू' हा कवटीचा बोर्ड त्यांना दिसेल, याची बाबूजींना लाज वाटली. म्हणून तू तो काढून भिंतीकडे तोंड करून ठेवलास. गव्हाच्या थप्प्यांत कीड मारायच्या गोळ्या मात्र तशाच ठेवल्यास. जीव मारायचे, फक्त ते कोणाला दिसू द्यायचं नाही, हा कुठला धर्म? दाराला साधं कुलूप घालायचंही तुला सुचलं नाही. पाऊस आला, आपला हमाल जामसिंग ताडपत्री आणायला आत गेला आणि तिथेच पडला. बाकीच्या हमालांनी ओढून काढला म्हणून जिवंत आहे.

चूक माणसाच्या हातून होते. पण पुढे तू जे केलंस त्याने माझं डोकं फिरलंय. त्याची बायको फुलीबाई डोंगरातल्या मोलगी गावाहून धावत आली, तर तिला तू सांगितलंस की तो पिऊन आला होता. दवाखान्यातही तेच सांगितलंस. फुलीबाईने दवाखान्याच्या भर अंगणात त्याला शिव्या घातल्या आणि त्याला धापेमुळे एक शब्द बोलता येईना. पोरगी रिना झाली तेव्हापासून तो दारूला शिवलेला नाही, हे तुला पक्कं माहीत आहे. डोंगरातला माणूस पडला म्हणजे प्यायलेलाच असणार, हे लोकांना लगेच पटतं. तू त्याचाच फायदा घेतलास. मला तुझी शरम वाटते.

आधी डॉक्टरांना खरं सांग. मग क्षमा मागायची तर मोलगीला जाऊन माग. आणि तो बोर्ड दारावर लागेपर्यंत मला ताई म्हणू नकोस.

आई-बाबूजींना नमस्कार. जेवणाची आबाळ करू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
फाल्गुनी


शहादा,
१५ सप्टेंबर २०२५

ती. फाल्गुनीताईस,
सा. न. वि. वि.

ताई म्हणतो आहे, कारण बोर्ड लागला आहे.

तुझं पत्र आधी फाडावंसं वाटलं. सुरतेत बसून उपदेश करणं सोपं आहे. इथे पोलीस येतील, परवाना जाईल, या भीतीने माझी झोप उडाली होती. पण आईने पत्र माझ्या हातून घेतलं आणि बाबूजींना मोठ्याने वाचून दाखवलं. ते भरल्या ताटावरून उठले.

डॉक्टरांना खरं सांगितलं. मग मोलगीला गेलो, नेमका बाजाराचा दिवस होता. मिठाईचा डबा घेऊन गेलो होतो. घरात हळूच सांगितलं की जामसिंग प्यायला नव्हता, आमच्या गोळ्यांचा वायू त्याला लागला. फुलीबाईने डबा घेतला नाही. शिव्या तिने सगळ्यांसमोर घातल्या होत्या, तेव्हा हेही सगळ्यांसमोरच सांगायचं, असं म्हणाली आणि मला सरळ बाजारात नेलं. मी बोललो, ताई.

जामसिंग ऐकत होता. थोडं चाललं तरी त्याला धाप लागते. मी क्षमा मागितली, त्याने ती दिली नाही. तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही, एवढंच म्हणाला. त्याला नंदुरबारच्या डॉक्टरांकडे मीच नेतो.

काल दुसऱ्या थप्प्यांवर गोळ्या टाकल्या. कुलूप लावलं, बोर्ड लावला. पण कितीतरी हमालांना वाचता येत नाही, म्हणून बाबूजी दारापासून लांब, अंगणात खुर्ची टाकून बसले. तेवढ्यात गल्लीतून साध्वीजी आल्या. मला वाटलं, आता बाबूजी घरात निघून जातील. ते उठले, हात जोडले आणि म्हणाले की इकडून येऊ नका, आत विष आहे, आणि ते मी घातलंय.

राग गेला नसेल तर राहू दे, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
श्रेणिक