मागच्या पाट्यांची खडखड

१७ ऑगस्ट १९४८, मंगळवार

खडखड, खडखड! मच्छिंद्र पुलाच्या पल्याड होता तवाच मी जिनिंगमधी हातोडा खाली ठेवला. आला गधडा! जेठमल शेठची मालाची मोटार ही. मीठ, रॉकेल, कापड घनसावंगी-आष्टीच्या दुकानांला पोचवती. चालवतो माझा धाकटा भाऊ, आन् मोडली की माझ्या गळ्यात!

खाली घुसून पाह्यलं. मागच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश, म्हंजे पिनंभोवतीच्या नळ्या, पार झिजलेत. पाट्याचं भोक आन् पिन यांच्या मधी माझा अंगठा जातो. खड्डा आला की पाटा उडतो आन् पिनवर आदळतो. मच्छिंद्र म्हणे, "भाऊ, भोंगा बंद पडून साल झालं, पर अडलं काय? पाटेच वाजतात की!" हसतो मेला. पिन तुटली तर मागचा आस सटकंल आन् गाडी नाल्यात. आजकाल आडरानात गाडी बंद पडली तर काय होतं, ते लिहायला बी नको वाटतं.

१९ ऑगस्ट, गुरुवार

राखीपुनव. नंदानं मच्छिंद्रच्या हाती आष्टीहून राखी धाडली. एकुलती बहीण आमची. दिवस भरत आलेत तिचे, पहिलटकरीण.

तिकडं हाल वाईट हायेत. रझाकारांची लारी आज ह्या गावात शिरती, उद्या त्या. आष्टीवाल्यांनी वेशीत बाभळीच्या काट्या लावल्यात आन् पाळीपाळीनं पहारा. आमचे दाजी, कडूबा, ठासणीची बंदूक घेऊन वेशीवर बसतात. नंदाचा निरोप असा — "मोटारीचा आवाज आला की बाया-पोरं बाजरीत लपतात. पर तुमची खडखड ओढ्यापल्याड ऐकली की हे बंदूक ठेवतात आन् काट्या वढायला धावतात. म्हणतात, आला माझा मेव्हणा बँडबाजा घेऊन!"

लई हसलो. आई पण हसली, किती दिसांनी!

२१ ऑगस्ट, शनिवार

बुश न्हाईत. औरंगाबादला न्हाईत, हैदराबादला न्हाईत. हिंदुस्थानची नाकेबंदी! सरहद्दीपलीकडून खिळा बी येईना. पेट्रोल न्हाई म्हणून गाडी कोळशाच्या गॅसवर चालवून राह्यलो. आता बुश काय गुळाचे करू?

२५ ऑगस्ट, बुधवार

मच्छिंद्रला रस्त्यात अडवलं, घनसावंगीच्या अल्याड. सहा रझाकार होते, दोघांपाशी बंदुका. रॉकेलचे डबे नेले. वरून कानफडात मारली. ओठ फुटलाय त्याचा. म्हणत होते, "तेरी गाडी तो कोसभर से पुकारती है!"

शेठ सोता जिनिंगवर आले. एरवी यायचे न्हाईत, माणूस धाडतात. म्हणे, "भुजंग, ही गाडी ओरडून सांगती की शेठचा माल आला, लुटा! आवाज बंद कर, भाई. बिलकुल बंद. आज थप्पड मारली, कल गोली मारेंगे." शेठ लबाड माणूस, पर हे बराबर बोलले.

मच्छिंद्र जेवला न्हाई. भिंतीकडं तोंड करून निजला. चोवीस वर्साचा घोडा, लेकरावाणी! मी आईला बोललो, "गाडी अशी करतो की बसलेली चिमणी उडायची न्हाई."

२८ ऑगस्ट, शनिवार

सापडलं! आपला हात जगन्नाथ!

बाबा गाड्या करायचे बैलाच्या. रखमाजी सुतार म्हटलं की परतूरपस्तोर नाव. त्यांनी चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी ठेवलेला तिवसाचा ओंडका माळ्यावर पडून होता, धा वर्सं वाळलेला. लोखंडावाणी झालाय. त्याचेच बुश करतो. लेथवर घ्यायचे, एरंडेलात उकळायचे. तेल प्यालेलं तिवस झिजत न्हाई, आन् वाजत तर मुळीच न्हाई.

आईची कढई नेली. "मुडद्या, ती पुरणाची कढई हाये!" म्हणून अख्खी गल्ली जमा केली तिनं.

३ सप्टेंबर, शुक्रवार

पोळा. बैल न्हाईत तर मातीचे पुजले. आई बुश हातात घेऊन बसली. लई येळ फिरवत राह्यली. "तुझा बाप आसावर चाकाला बोटभर ढील ठेवायचा," म्हणे. मला काय ठाऊक न्हाई? मुद्दाम ठेवायचे, चाक वाजावं म्हणून. घरधनी वाजवून पाहूनच गाडी न्यायचा. आपली गाडी दुरून कळली पाहिजे, म्हणून. "मुकी गाडी वाटंनं धाडू नै रे, लेकरा."

मी खेकसलो. ही काय बैलगाडी हाये? ढील ठेवायची म्हंजे पिन तुटायची! बाबाचा जमाना गेला, आई! ती बुश खाली ठेवून उठली. बोलायला नको होतं एवढं, सणाच्या दिशी.

६ सप्टेंबर, सोमवार

बसवले. दिवसभर चिखलात उताणा पडलो. गाडी जॅकवर, खाली ओंडके. पिना गंजून धरलेल्या. जिनिंगचे लोहार इमामभाई आले, त्यांनी घण घातला, तवा निघाल्या. जुने बुश म्हंजे पत्र्याची चिंधी! नवे पाट्याच्या भोकात दाबून बसवले, एकेक सूत करत. कडंनं जुन्या मोटंच्या चामड्याच्या चकत्या घातल्या, पाटा बाजूला बी हलू नै म्हणून. पाठीचा पार भुगा झाला, पर काम असं की बाबानं बी पाहावं.

७ सप्टेंबर, मंगळवार

चवथ. गणपती बसवून लगेच गाडी काढली. टेसनापस्तोर गेलो, खड्डे धुंडून धुंडून त्यात घातली. काहीच न्हाई! नुस्ती इंजिनाची घुरघुर. इमामभाई मागच्या फळीवर बसल्ते, म्हणे, "क्या बात है रे! चूं बी नै करती!" मच्छिंद्रनं मला उचललंच, भर रस्त्यात! ओठाची खपली फुटली त्याची हसून हसून.

खोटं कशाला लिहू, लई फुगलो मी.

१० सप्टेंबर, शुक्रवार

उद्या मच्छिंद्र आष्टीला निघतो. मीठ उतरवायचं आन् येताना नंदाला घेऊन यायचं. तिकडं सुईण बी राह्यली न्हाई, पळाली म्हणतात. बहीण इथं आपल्या घरात बाळंत होईल, ह्याहून मोठं मला आता काही न्हाई.

पर दुपारपासून मनात एकच किडा. लाकूड ते लाकूड. आष्टीच्या काळ्या मातीत चाकोऱ्या गुडघाभर. बुश चिरला तर? तिला घेऊन येताना चिरला तर? दोनदा गाडीखाली जाऊन आलो. मच्छिंद्र म्हणे, "भाऊ, आता गाडीची नाडी बी पाह्य!"

११ सप्टेंबर, शनिवार

सकाळी निघाला. झड लागलीय, आभाळ खाली आलंय. आईनं नंदासाठी डिंकाचे लाडू बांधून दिले. वाटंनं एक खाशील तर बघ, म्हणाली. मच्छिंद्र म्हणे, "एक न्हाई, दोन!" उद्या दुपारपस्तोर येतो म्हणून गेला.

दारात उभा राह्यलो. गाडी वळणावर गेली आन् लागलीच काही ऐकू येईना. रोज तिची खडखड पार मोंढ्यापस्तोर ऐकू यायची. बरं वाटायला पाह्यजे होतं.

१२ सप्टेंबर, रविवार

आला न्हाई. झड थांबंना. आई दारातून हलत न्हाई. वाटंला नाला भरला असंल, दुसरं काय!

१३ सप्टेंबर, सोमवार

विमानं गेली वरून. बाजार बंद. चारी बाजूंनी हिंदुस्थानची फौज शिरली म्हणतात. लोक कुजबुजतात, कोणी हसतं, कोणी दारं लावून घेतंय. माझं कशात ध्यान न्हाई.

बुश फुटला. दुसरं काही असूच शकत न्हाई. तिवसाला कुठं बारीक चीर असंल, माझ्या नजरेतून सुटली. आस सटकला, गाडी आडरानात, आन् आजूबाजूला हे असं. नंदा आत बसलेली असंल का? का जातानाच? पायी निघालो तर टेसनाजवळून शिपायांनी माघारी हाकललं. लेथवरचा भुसा चाळून पाह्यला, चिरंची खूण कुठं सापडती का म्हणून. येड लागलंय मला.

१४ सप्टेंबर, मंगळवार

न्हाई. आईनं आज विचारलं बी न्हाई.

१५ सप्टेंबर, बुधवार

कडूबा आले, आष्टीहून पायी. कमरेपस्तोर चिखल. बंदूक न्हाई. उंबऱ्याच्या आत येईनात, मी हात धरला तर झिडकारला.

मी पयलं तेच विचारलं, "बुश फुटला ना?"

"न्हाई," म्हणे. "गाडी शाबूत हाये, भुजंगभाऊ. वेशीत उभी हाये." मंग उंबऱ्याबाहेरच बसले. "शनिवारी, दिवस कलल्यावर, झडीत मोटार आली. बाजरी उंच, काही दिसंना. मी बंदूक ताणून कान लावून बसल्तो. रझाकारांची लारी समजून बार काढला. तुमच्या गाडीची खडखड आली न्हाई."