गिरजाचं बाळ काट्यावर

शनिवार, ७ सप्टेंबर १९७४

केंद्राच्या पहिल्या वर्षी कामठीच्या विणकर वस्तीत माझ्यासोबत काम करणाऱ्या ॲग्नेसनं आणि मी बाळांच्या वजनाचा काटा कडुनिंबाला टांगला होता. एकही आई पुढे आली नाही. आम्ही दोघी आपल्या पेरू खात, हसत बसलो. ॲग्नेस जाऊनही किती वर्षं झाली.

आज आमचं दूधकेंद्र बंद झालं. दुधाची भुकटी यायचीच थांबली. आणि नेमकी आज गिरजा आली. वजन केलं की पोराला नजर लागते म्हणून कधी न फिरकलेली. बाळाच्या गालावर काजळाची केवढी मोठी तीट.

"बाई, टांगा जी याले. हलका लागून राहिला."

टांगलं. काटा जेमतेम हलला.

"आता दूध भेटन न जी रोज?"

उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"तुम्हीच तं बलावत होत्या इतके दिवस," ती म्हणाली. रागानंही नाही. मी नुसती ती तीट बघत राहिले. एवढ्याशा गालावर तीच काय ती ठसठशीत.

काटा सरकारी दवाखान्याला द्यायचा. तिथे गंजेल, तरी द्यायचा. चटया आणि वाट्या शाळेला. भुकटीचे उरलेले दोन डबे गिरजाला, दोन्ही तिलाच. बाकीच्या आयांना कळू द्यायचं नाही.