अण्णा, तुम्ही आठव्या गाण्यात आहात

येडशी, मंगळवार

तीर्थस्वरूप अण्णारावांना लिंबाजीचा वाकून नमस्कार. इकडं सगळं ठीक. तुमची बहीण बरी आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? आठव्या गाण्यात तरी चांगला पळतो.

तुमचा निरोप दूधवाल्याकडून मिळाला. "भाचीला म्हणावं, ते काय असंल ते बंद कर. न्हायतर पोलिसात जातो बघा." (त्याने तो सात घरांत सांगितला, मग मला.) शिवांजली कालपासून जेवलेली नाही. तुम्ही तक्रार केलीत तर गाण्यांची कंपनी तिचा अख्खा अल्बम काढून टाकेल. वर्षाची मेहनत आहे. म्हणून झालं ते क्रमाने लिहितो.

पोरीची गाणी लातूरपासून सोलापूरपर्यंत ट्रॅक्टरवर वाजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुमच्या ट्रॅक्टरवरही वाजतात. तुम्ही उतरलात की तुमचा कृष्णराज लावतो.) यंदा तिने ठरवलं, सुटी गाणी नकोत. नऊ गाणी, नऊ चित्रफिती, मिळून एका बाईची गोष्ट. आधी जाहिरात नाही, पोस्टर नाही. एका सकाळी सगळं एकदम सोडायचं आणि लोकांनी चकित व्हायचं. तोवर गुपित. मी कुणाला बोललो नाही. तुमच्या बहिणीने फक्त भिशीत सांगितलं.

गावात कॅमेरे आणि ड्रोन आले की लोक विचारणारच. मी म्हणालो, ड्रोनने फवारणीचं प्रात्यक्षिक आहे. हे माझं चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चाळीस शेतकरी रांगेत उभे. प्रत्येकाच्या हातात सातबारा, आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि सही केलेला कोरा अर्ज. मी सांगितलं, योजना वगैरे काही नाही. त्यावरून त्यांनी ओळखलं की योजना मोठी आहे. रांग हलेना. शेवटी शिवांजलीने रांगेपुढेच विरहाचं गाणं म्हटलं. मागे चाळीस माणसं, गंभीर, कागद छातीशी. कडवं संपल्यावर एकाने विचारलं, "ताई, अंगठा कुठं लावायचा?" (पुण्याच्या एका समीक्षकाने याला समूहाचं मौन म्हटलं आहे.) मी सगळ्यांचे कागद ठेवून घेतले. त्याशिवाय कुणी जात नव्हतं.

मग नळदुर्ग. तिथल्या ढाब्यावर तिला उभ्या ट्रकच्या टपावर बसून गायचं होतं. ड्रायव्हर भला माणूस, लगेच हो म्हणाला. गाणं झालं, ती उतरली, चहा झाला, ट्रक गेला. कपड्यांची पेटी टपावरच राहिली. पुण्याहून शिवून आणलेले सात पोशाख हैदराबादला गेले. उरलेली गाणी तुमच्या बहिणीच्या इरकली साड्यांत झाली. एक साडी विहिरीत पडली, एक शेळीने खाल्ली. (ती बोलत नाही त्याचं हे एक कारण. दुसरं तुम्ही.)

आता तुम्ही. आठव्या गाण्यात ड्रोन नुसता रानावरून जाणार होता. उभी ज्वारी, आभाळ, एकटेपणा. येरमाळ्याकडचं ते रान कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. ते तुमचं, आणि तुम्ही मचाणासारख्या त्या माळ्यावर उभे राहून पाखरं राखत होता. चोर ड्रोन उडवून घरं हेरतात अशी आवई आपल्याकडं उठली होती, हे आमचा दिग्दर्शक रणधीर याला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं. गोफणीचा पहिला दगड हुकला. दुसरा नाही. पडेपर्यंत आणि पडल्यावरही कॅमेरा चालू होता. त्यात ज्वारी फिरते, आभाळ फिरतं, मग तुम्ही बनियनवर धावत येता, मोठे मोठे होत जाता आणि ओरडता, "उतर खाली, मुडद्या! उतर!" (उतरून झालं होतं.) रणधीर ते बघून रडला. म्हणाला, नऊ गाण्यांत एवढंच खरं आहे. शिवांजलीने त्यावर ढोलकी बसवली. तुमच्या दोन शिव्या ठेवल्या. बाकीच्या तालात बसत नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी सहाला अल्बम सोडला. चकित कुणीच झालं नाही. भिशीमुळं तालुक्याला वेळसुद्धा माहीत होती, लोक चहा घेऊन बसले होते. चकित झालात ते एकटे तुम्ही, येरमाळ्याच्या स्टँडवर, अख्खी एसटी तुमच्याकडं बघून "उतर खाली, मुडद्या!" म्हणाली तेव्हा. ते कौतुक होतं, अण्णा.

कंपनीला आता आठवलं, अल्बमात दिसणाऱ्या प्रत्येकाची सही लागते, उद्या दुपारी बारापर्यंत. रांगेतल्या चाळीस जणांच्या आहेत, न मागता. ट्रकवाल्याने हैदराबादहून पाठवली. (पेटी पाठवली नाही.) राहिलात तुम्ही, कारण योजनांवर तुमचा विश्वास नाही म्हणून रांगेत आला नाहीत. सोबत संमतीचा कागद आहे. गाणं आवडून घ्या असं म्हणत नाही. पण पोरीचा आवाज तुमच्याच माळ्यावर पाखरं हाकताना मोठा झाला. तो तुम्ही बंद करू नका.

तुमचा मेहुणा,
लिंबाजी

ता. क. पत्र घेऊन आलेला माणूस म्हणजेच रणधीर. ड्रोन त्याचाच होता. पाणी द्या. गोफण आत ठेवा.

आणखी एक. सही नाही केलीत तरी चालेल. ती मी कालच करून पाठवली. शिवांजलीला हे माहीत नाही. पोलिसात गेलात तर तक्रारीखालीही सही करावी लागेल. दोन्ही जुळायला हव्यात, म्हणून मागच्या बाजूला मी केलेल्या सहीचा नमुना दिला आहे, तशीच करा. 'राव' जरा लांब ओढायचं.