शाळेचं गल्लीकडचं दार

बाई,

तुमची शाळा उतरवली. पाडली नाही, उतरवली. असं म्हणायचं, हे कामावरच्या इंजिनियर पोरीनं मला पुन्हा पुन्हा बजावलंय, म्हणून तुम्हालाही तसंच सांगते. माझा विश्वास आहे का, ते पुढं कळेलच. आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही तिकडं कपाळाला आठ्या घालून बसाल. मी शनिवारची. पटावर माझं नाव कधी नव्हतं. आमच्या गोठ्यात म्हशी होत्या, म्हणून वडील मला शेणाचं घमेलं देऊन शाळा सारवायला धाडायचे, तेवढीच माझी शाळा. पोरं शनिवारी सकाळची शाळा सुटली की ओरडत पळायची आणि मी दारातनं आत यायची. तुम्ही खुर्ची भिंतीला लावून पाय वर घेऊन बसायचात आणि म्हणायचात, "ये गं, आज कुठलं अक्षर?" मग मी ओल्या सारवणात बोटानं अक्षर काढायचं, तुम्ही बघायचं, आणि त्यावरनं हात फिरवून मी पुढं सरकायचं. खोली दारापर्यंत सारवून होईस्तोवर एक अक्षर माझं व्हायचं. वडिलांना वाटायचं, पोरगी किती निगुतीनं सारवते, उशीर लावते!

एकदा तुम्ही फार रागावलात. माझा 'श' काही केल्या जमेना, म्हणून तुम्ही बघायच्या आत मी त्यावर शेण ओढलं. तुम्ही खुर्चीवरनं उठून आलात, पदर खोचला आणि म्हणालात, "झाकतेस काय? आधी बघू दे, मग सारव." अजून कानात आहे ते. सुनेला भाजी करपली की मीही तेच म्हणते, आधी बघू दे. ती म्हणते, आई, तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात? मी म्हणते, आमच्या बाईंच्या. आणि तुम्ही जाताना, बदली झाली तेव्हा, मला पाटीवरची पेन्सिल दिलीत, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. दारातल्या दगडावर घासून टोक काढून दिलीत. तो दगड आठवतो ना? दाराच्या डाव्या अंगाला, पोरांनी पेन्सिली घासून घासून त्याला चर पडले होते, म्हशीनं चाटल्यासारखे. पाटी नव्हती माझ्याकडं. मी रांजणाच्या बुडाला लिहायची, चुलीच्या कडेला लिहायची. आई ओरडायची, चूल आहे का फळा?

मला दिली ती गावातच, शाळेसमोरच्या गल्लीत, आणि आता माझी नात त्याच शाळेत पहिलीला आहे. काय सांगू तुम्हाला, कशी वाचते! बसच्या पाट्या वाचते, पिठाच्या पिशवीवरचं वाचते, माझ्या गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून मलाच विचारते, आजी, हे कशाचं औषध? मुलगा चाकणला कंपनीत, सून ताथवड्याला कॉलेजच्या ऑफिसात, त्यामुळं तिला सोडायचं-आणायचं काम माझं. गल्ली ओलांडली की शाळेचं दार. चप्पल न घालता पण जाता यायचं. एवढं सुख होतं बघा, आणि तेवढ्यात शाळा वाढवणार म्हणून तो फ्लेक्स लागला.

फ्लेक्सवर शाळेचं चित्र. मागं तीन मजले, काचा, पुढं तुमची दगडी खोली घासूनपुसून, आणि हिरवळीवर फुगे घेऊन पळणारी गोरी गोरी पोरं. चित्र लई झकास, पण आमची गल्ली त्यात नव्हतीच. गल्लीच्या जागी झाडं काढलेली. आमचं घर आहे तिथं तर कडुलिंबासारखं कायतरी होतं. मी नातीला विचारलं, आपलं घर दाखव बरं यात. तिनं झाडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, आजी, आपण ह्याच्या मागं लपलोय. ती हसली. मला हसू येईना. माणसाला चित्रातनं काढलंय म्हटल्यावर खऱ्यातनं काढायला किती वेळ?

संध्याकाळी पारावर सगळी जमली. आमचे थोरले दीर, आता काठी टेकतात पण आवाज तोच, ते म्हणाले, "वाढवायची तर मागं वाढवा की. म्होरच्या दगडाला हात कशाला लावता?" कुणीतरी म्हणालं, "गाळे निघत्याल, बघा. खाली मोबाईलचं दुकान, वर पहिलीचा वर्ग." सगळे हसले, पण पलीकडच्या गावाची चावडी अशीच दुरुस्तीला घेतली होती, तिथं आज खरंच मोबाईल विकतात, म्हणून हसू लवकर विझलं. आमच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी लातूरची बाई आहे, नवरा वर्कशॉपात, दोन लेकरं ह्याच शाळेत. ती कडेला उभी राहून म्हणाली, "मावशी, दुकान होऊ द्या न्हाईतर महाल होऊ द्या. आमच्या लेकरायनं आत जायचं कुठून, तेवढं इचारा." दीर म्हणाले, "तू भाडेकरू, तुला कशाला पंचाईत?" ती म्हणाली, "लेकरं भाड्याची न्हाईत माझी." मला तिचं फार आवडलं. मी दिरांसमोर हसू नये म्हणून पदर तोंडाला लावला.

वर्ग समाजमंदिरात हलवले आणि सुट्टी लागली. आणि एक दिवस सकाळी बघते तर तुमच्या खोलीच्या दगडा-दगडावर तांबड्या रंगानं आकडे! एक दगड सोडला नाही. बाई, तुम्हाला गावाकडचं ठाऊकच आहे. चाकणच्या बाजारात सौदा ठरला की जनावराच्या पाठीवर तांबडा रंग ओढायचे. रंग लागला म्हणजे विकलं, मग दुसऱ्यानं दाताला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी विकलेली म्हैस तसा पट्टा घेऊन दारातनं गेली, तेव्हा मी रडले होते. मग आम्ही काय समजणार? दीर म्हणाले, "झालं. गिऱ्हाईक ठरलं. कुठल्यातरी फार्महाऊसच्या भिंतीला लागणार आपली शाळा." जुने दगड, जुनी दारं कशी जातात ते आम्ही बघितलंय. एकेका हॉटेलात आमच्या सासरच्या जुन्या दाराच्या कड्या दिसतात म्हणे.

मग आम्ही बायकांनी ठरवलं. पुरुष अर्ज लिहीत बसले, आम्ही शेण आणलं. गल्लीत आता एकाकडंच म्हशी उरल्यात, त्याला सांगितलं, देवाच्या कामाला पाहिजे. लातूरची बाई, मी, आणखी दोघीचौघी, दुपारी कामगार जेवायला बसले तेव्हा घमेली घेऊन गेलो आणि सगळी भिंत सारवून काढली. काय सांगू, किती वर्षांनी हात शेणात घातला! गुडघे दुखायचे विसरले. एकीनं मधेच ओवी म्हटली, एकीनं स्वस्तिक काढलं, वॉचमन विचारतो, "आजी, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "वास्तुशांत." तो हात जोडून बाजूला झाला. आकडा म्हणून एक दिसेना. बाजारात नेलेलं जनावर आम्ही धुऊन परत आणलं असं मला वाटलं.

चारच्या सुमारास ती इंजिनियर पोरगी आली. डोक्यावर पिवळी टोपी, पायात बूट, वय माझ्या धाकट्या पुतणीएवढं. भिंतीकडं बघितलं आणि मटकन खाली वाळूवर बसली. ओरडली असती तर मी दोन हात केले असते, पण ती रडकुंडीलाच आली. "आजी, हे विकायचे नंबर नव्हते हो. भिंतीला पोट आलंय, चुना गेलाय आतला. दगड उतरवून, पाया भरून, ज्याचा त्याला परत त्याच जागी बसवायचाय. नंबर नसेल तर कुठला कुठं ते मला कसं कळणार?" मी म्हटलं, "मग आधी सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "आणि तुम्ही आधी विचारायचं नाही का?" बाई, मला एकदम तुमची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आधी बघू दे, मग सारव.

धुतलं मग आम्हीच. टँकरचा पाइप लावला आणि काथ्यानं घासलं. रंग तेलाचा होता, शेण गेलं आणि आकडे जसेच्या तसे वर आले. नात मोठ्यानं वाचायची, पोरगी मोबाईलमधल्या फोटोशी ताडून बघायची. भिजून चिंब झालो सगळ्या. शेवटी पोरगी हसायला लागली. म्हणाली, "इतकी स्वच्छ भिंत मी आयुष्यात उतरवली नाही."

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला लिहिलंच नसतं. पण मी संशयी, तुम्हाला ठाऊक आहे. दगड उतरवून मैदानात ओळीनं मांडले, तशी मी समोर खुर्ची टाकून बसायला लागले. राखण. सरबत प्यायचं, बघायचं. एक दिवस नकाशा पसरून ती पोरगी कामगारांना सांगत होती, तेव्हा मी लातूरच्या बाईचा प्रश्न विचारला. "पोरी, दार कुठं?" ती म्हणाली, "जुनं दार जुन्या जागीच, आजी. अगदी चौकटीसकट." मी म्हटलं, "आणि ते उघडणार?" तेव्हा तिनं नकाशावरचं बोट मागं सरकवलं. म्हणाली, "रोजचं गेट मागच्या रस्त्यावर आहे. सोसायट्यांच्या बाजूला. हे दार जपायचं, म्हणजे बंदच राहील. बघायला."

बघायला! बाई, मागचा रस्ता म्हणजे चाकणला जाणारे कंटेनर. मोठ्या माणसालाही तो नीट ओलांडता येत नाही, तिथनं गल्लीची पोरं जाणार, दप्तर घेऊन, वळसा घालून. आमची म्हातारी माणसं सोडायला जाणार. आणि दार असणार, पॉलिश केलेलं, कुलूप लावलेलं, फोटो काढायला. मी पोरीला म्हटलं, "ज्या दारातनं पोरं जात नाहीत ते दार कसं? नुसतं बघायचंच तर भिंतीवरच दाराचं चित्र काढ की." तिनं नकाशा गुंडाळला. मग म्हणाली, "मी वर सांगते. पण सगळं माझ्या हातात नाही." पोरगी खोटी नाही, हे मला कळलं. पण 'वर' कोण बसलंय ते मला कुठं माहीत आहे? मी त्यांना बघितलं नाही, त्यांनी मला चित्रातनं काढलंय.

म्हणून मी जे केलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन गेले, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि पेन्सिली घासायचा तो दगड घमेल्यात घातला. मोठा नाही तो, भाकरीच्या परातीत मावेल एवढा, पण जड. लातूरच्या बाईनं हात दिला. वर शेण थापलं. वॉचमननं नाक दाबून वाट दिली, म्हणाला, "आजी, परत वास्तुशांत?" मी म्हटलं, "व्हय बाबा, घरची." माझी मान अजून दुखते. पण आणला. तुळशीच्या बुडाशी ठेवलाय, आकडा मातीकडं करून.

आता भिंत चढलीय. छान चढलीय, मान्य करते, चुना मळताना गूळ घालतात ते बघून मला फार बरं वाटलं. पण दाराच्या डाव्या अंगाला येऊन काम थांबलंय. त्या दगडावर चौकट टेकते म्हणे. पोरगी गल्लीत घरोघर विचारत हिंडली. आमच्याकडंही आली. चहा घेतला, पोहे खाल्ले, तुळशीजवळच्या पायरीवरच बसली होती. "आजी, दाराजवळचा एक दगड सापडत नाही. तुम्ही रोज समोर बसता, काही बघितलंत?" मी म्हटलं, "मी अडाणी बाई, मला दगडातलं काय कळतंय?" तिनं तुळशीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "तुळस छान आहे तुमची." आणि गेली.

काल ती परत आली होती. नकाशात गल्लीचं दार रोजचं म्हणून दाखवलंय, असं म्हणाली. लहान पोरांसाठी, सकाळ-संध्याकाळ उघडं. बोट ठेवून दाखवलं. आमची गल्लीही काढली होती त्यात, बारीक रेघेनं. मी विचारलं, "झालं मग?" ती म्हणाली, "साहेबांची सही बाकी आहे." मी म्हटलं, "मग दगडही मिळेल कुठंतरी. सही झाल्यावर." ती हसली नाही, रागावलीही नाही. टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाली, "तोवर ऊन लागू देऊ नका त्याला, आजी." कशाला, ते तिनं म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून हे पत्र कुणाच्या हातात देता येत नाही. गवंडी म्हणाला होता, आजी, काही लिहायचं असेल तर द्या, भिंतीत चिणतो, शंभर वर्षं राहील. पण ह्यात दगड कुठं आहे ते लिहिलंय, आणि सही अजून झालेली नाही. तुमचा पत्ता तर कुठल्याच पोस्टात नाही. ठेवीन डब्यात.

तुम्ही म्हणाल, झाकतेस काय, आधी दाखव. दाखवीन बाई. दार उघडू दे, मी स्वतः डोक्यावरनं घेऊन जाईन. फक्त एक सांगते, कुणाला सांगू नका. सुट्टी संपलीय, नात रोज समाजमंदिरातल्या शाळेला जायच्या आधी तुळशीपाशी बसून त्यावर पेन्सिल घासते. मला तो आवाज आत स्वयंपाकघरात ऐकू येतो. सही झाली तरी एक शनिवार तो दगड माझ्याकडं राहावा, असं मला वाटायला लागलंय.