विसण लागेल इतकं गरम

प्रिय बाबा,

शुक्रवारी नव्या हीटिंगच्या कागदावर सही करायची आहे. एक आंगेबोट, म्हणजे इथलं जर्मन दरपत्रक, गॅसच्या बॉयलरचं, दुसरं हीट पंपाचं. दोन्ही टेबलावर कडा जुळवून ठेवली आहेत, तुम्ही ठेवायचात तशी. सही मलाच करायची आहे आणि हात पुढे जात नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय.

तळघरातला आपला जुना बॉयलर मागच्या आठवड्यात बंद पडला. आता दुरुस्त होणार नाही म्हणतात. आई रोज सकाळी मोठं पातेलं स्टोव्हवर चढवते आणि अंघोळीचं पाणी तापवते. वर मला म्हणते, "बघ, काही अडलंय का?" पण तिचे हात दिवसभर गार असतात, बाबा.

परवा हीटिंगवाला घर बघायला आला होता. म्हणाला, "पंप पन्नास अंशांवर ठेवू. अंघोळीला तेवढं पुरतं, नाही का?"

मी आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "त्याला विचार, ज्यात विसण घालावं लागत नाही ते कसलं गरम पाणी?"

आता विसण जर्मनमध्ये कसं सांगायचं? आधी बादलीत कडक पाणी, मग वरून थंड, असं हातांनी करून दाखवलं. त्यानं वहीत खरंच 'बादली' असं लिहून घेतलं! तुम्ही किती हसला असतात.

मग आम्ही तळघरात गेलो. त्यानं जुन्या बॉयलरवरचं चाक पाहिलं आणि विचारलं, "हे पंचेचाळीसवर कोणी आणलं? एवढ्या लहान जुन्या टाकीतलं पाणी साठला ठेवायचं असतं, नाहीतर गरम पाणी पुरत नाही."

नवी टाकी कुठे बसेल, असं विचारून मी विषय बदलला.

बाबा, ते मी केलं होतं. तेव्हा मी हीटिंगच्या आउसबिल्डुंगला, त्या शिकाऊ कारागिराच्या प्रशिक्षणाला, जात होतो. जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि मला वाटायचं, सगळं कळतं. तुमचा साठचा आकडा मला उधळपट्टी वाटला. कुणाला न सांगता चाक फिरवलं. टाकीतल्या पाण्याचा धडा पुढच्या वर्षी होता. त्याआधीच मी शिक्षण सोडलं.

तुमचा तो शेवटचा हिवाळा. बाथरूममधून तुम्ही हाक मारायचात, "अरे, पाणी कोमट येतंय!" आणि मी काय म्हणायचो? "पाणी तेवढंच गरम आहे बाबा, तुम्हालाच थंडी जास्त वाजते." आजारी माणसाला कोणी असं सांगतं का?

काल आईला हे सगळं सांगून टाकलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "ह्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"गुडघा धरत धरत खाली जाऊन बघून आले होते. मी म्हटलं, मग वाढवायचं ना! तर म्हणे, राहू दे. पोरगा शिकतोय, त्याचं काही गणित असेल."

गणित नव्हतं हो, बाबा. नुसता आगाऊपणा होता. तुम्ही का नाही वाढवलंत? तळघरापर्यंत गेला होतात, बोटभर चाक फिरवायचं होतं! निदान मला झापायचं तरी. माझ्यावर एवढा विश्वास टाकायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?

आज सकाळी हीटिंगवाल्याला फोन केला. साठ अंश देणारा पंप मिळतो का, ते तीनदा विचारलं. मिळतो. टाकीही एक माप मोठी सांगितली. सही पंपाच्याच कागदावर करणार आहे.

शिक्षण पूर्ण करीन, असं वचन देत नाही. ते तुम्हाला पूर्वी दोनदा देऊन झालंय. एवढंच सांगतो: नव्या टाकीची पहिली बादली आईसाठी मी काढीन आणि विसण तिला घालू देईन. आणि या घरात यापुढे कोणी पाणी कोमट म्हणालं, तर काही बोलायच्या आधी मी खाली जाऊन बघून येईन.

तुमचा,
निनाद