आईचा झोपाळा कोणी अडवला?

कोपर, डोंबिवली पश्चिम
सर्वपित्री अमावस्या

चि. मधु यास सुमतीताईचे अनेक आशीर्वाद. सौ. उत्तरालाही.

तुझा गुडघा कसा आहे? (जिने चढू नकोस, हे तिसऱ्यांदा लिहिते आहे.) माझी प्रकृती ठणठणीत. मध्यंतरी रक्तदाब वाढला होता, पण तो कोलशेतच्या गोदामात वाढला आणि तिथेच उतरला. या पत्राचा फोटो काढून उत्तराच्या फोनवर पाठवते. वाटेत अडकू शकेल अशा कुठल्याही गोष्टीवर सध्या माझा विश्वास नाही.

अठ्ठावीस वर्षांनी कायमचा परत येतो आहेस, माझ्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला आहेस, पण सामान सुखरूप पोहोचल्याशिवाय रॉटरडॅमहून हलणार नाही, असं तू जूनमध्ये बजावलंस. ठीक. सामान दोन खेपांत निघालं. पहिलीत पुस्तकं आणि भांडी, दुसरीत कपाटं, पलंग आणि तू हट्टाने तिकडे नेलेला आईचा झोपाळा. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सुएझ कालव्यामुळे किती अंतर वाचतं, हे पोरांकडून दहा-दहा वेळा लिहून घेतलं. आणि तुझी जहाजं, लाल समुद्रात धोका म्हणून, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आली! (जुन्या विद्यार्थ्यांची माफी मागावी का, यावर विचार चालू आहे.)

पहिली खेप कशीबशी डोंबिवलीपर्यंत आली. दुसरी बंदरात उतरली आणि तिथेच बसली. आठ दिवस वाट पाहिली, नवव्या दिवशी छत्री घेऊन कोलशेतला वाहतूकवाल्यांच्या गोदामात गेले. तिथला मॅनेजर संदेश, मुलगा सालस आहे. त्याने चहा दिला आणि समजावलं, की वळसा घालून उशीर झालेली जहाजं सगळी एकदमच येऊन ठेपली, क्रेन होत्या तेवढ्याच, कंटेनरवर कंटेनर रचून आवार भरलं, बाहेर ट्रकची रांग, आणि त्यातून जो सुटतो तो शीळफाट्याच्या कोंडीत सापडतो. "आणि एवढं करून तुमचा कंटेनर इथे आणला मॅडम, तरी उतरवू कुठे? बघा ना!" बघितलं. गोदाम छतापर्यंत भरलेलं. इथे जागा नाही म्हणून कंटेनर बंदरातून उचलायचा नाही, तो उचलत नाही म्हणून पुढच्या जहाजाचा माल उतरवायला जागा नाही. मी म्हटलं, ही तर लग्नाची पंगत झाली. पहिली पंगत उठेना, तर दुसरी बसणार कशी? कोण आहेत हे हात वाळवत ताटावर बसून राहिलेले लोक?

संदेशने टेबलावरच्या रजिस्टरवर हात ठेवला. मी त्याच्या हाताखालचं रजिस्टर ओढून घेतलं. बावीस नावं, आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: पितृपक्षात डिलिव्हरी नको, घटस्थापनेनंतर. मग मी बोलले. शिकलेली माणसं, पोरं परदेशात, आणि पंधरा दिवस एक खोकं घरात घ्यायला घाबरता? तुमच्यापायी बंदरं तुंबतात! हमालसुद्धा ओझी खाली ठेवून ऐकत होते. संदेश जमिनीकडे पाहत म्हणाला, "मॅडम, पहिलं नाव वाचा ना."

पहिलं नाव माझं होतं. सहीसकट.

त्याचं असं झालं, की पहिल्या खेपेचा ट्रक प्रतिपदेलाच दारात आला होता. (माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण म्हटलं, उगाच कशाला? आणि समोरच्या हौसाबाई दार उघडून उभ्या होत्या.) मी सही करून तो गोदामात परत पाठवला. आता मला सांग, तुझ्या अठ्ठावीस वर्षं करपलेल्या पातेल्यांत नवं ते काय? आणि ज्या पंधरवड्यात आईचं पान वाढायचं, त्याच पंधरवड्यात तिचा झोपाळा मीच बंदरात अडकवून ठेवला!

तशीच संदेशच्या खुर्चीत बसले आणि उरलेल्या एकवीस जणांना फोन लावले. वापरलेलं सामान ही नवी खरेदी नव्हे, जुन्या गादीला मुहूर्त लागत नाही, उद्या येऊन घेऊन जा. एकाने विचारलं, कोण बोलतंय? म्हटलं, बाई बोलते आहे. तो "हो बाई" म्हणाला. सतरा जणांनी ऐकलं. (चौघांचे फ्रीज खरोखरच नवे निघाले, त्यांना सोडलं.) निघताना संदेशही मला मॅडमऐवजी बाई म्हणू लागला होता.

गोदामात वाट झाली, कंटेनर सुटला, आणि आज, ऐन अमावस्येला, सगळं घरी आलं. हौसाबाई आल्याच. "अगं बाई, सुमतीताई, आज? अमावस्येला?" मी म्हटलं, "आईचा झोपाळा आहे. तिच्या वस्तूला उद्या ये म्हणू?" त्या आल्या पावली वळल्या. मग घरी जाऊन वाटीभर खीर घेऊन आल्या.

तुझी,
सुमतीताई

ता. क. तुझ्या फ्लॅटचा रंग वाळलेला नाही, त्यामुळे सगळं सामान माझ्या घरात आहे. मी आडवी चालते. माझा सोफा जिन्यात आहे आणि सोसायटीची नोटीस त्याच्यावर चिकटवली आहे. पंगतीचा नियम तुला कळला असेल. भाऊबीजेच्या आधीचं तिकीट काढ.

ता. क. २. झोपाळा टांगून घेतला. मी माझ्या डाव्या कोपऱ्यात बसले की तुझा उजवा कोपरा वर जातो. कड्या दोनदा तपासून घेतल्या. कड्यांत काही दोष नाही.