कणगीतले बूट

कौशल्ये, हे मायले मोठ्यानं वाचून दाखव.

मी बडनेऱ्याहून गाडी पकडून नागपूरले जाऊन राहिलो. विलायतेले शिकायले जायच्या परवान्यासाठी साहेब आज मुलाखत घेणार. काल मुलाखतीच्या सरावासाठी तू पागोटं घालून साहेब झाली होती, तवा मले हसू आवरलं नाही. मंग गोठ्यात जाऊन म्हैशीपुढं इंग्रजी बोललो. तिनं एकही चूक काढली नाही.

मायनं लपवलेले माहे बूट रिकाम्या कणगीत सापडले. मी जाऊ नये म्हणून लपवले, हे समजलं. पण लपवायच्या आधी त्याईले तेल लावून चकचकीत काहून केलं? आन् कणगीच्या झाकणावर फडक्यात भाकर-ठेचा कोनासाठी बांधून ठेवला?

मायले सांग, भाकर अजून गरम होती.

भगवंत